कोरियन मालिकांतला रक्तपात आणि वॉनचा हिशोब : अनुभव धागा

गरीब-श्रीमंत दरी आणि बेदम हिंसा असलेल्या कोरियन मालिका इथल्या बऱ्याच जणांच्या दोन-दोनदा पाहून झाल्यात. 'भारी आहे' आणि 'बघवत नाही' हे दोन्ही भरपूर लिहून झालं. इथे नेमकं लिहा: कुठला तपशील हाती लागला की प्रसंग उलगडतो, काय निसटतं आणि का निसटतं. कथा फुटणार आहे. पाहिलं नसेल त्यांनी इथूनच परत फिरा. (खाली प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खतावणी

आधी वॉन, म्हणजे कोरियन चलन, मोजायला शिका. कोरियन आकडे चार-चार शून्यांनी चढतात. 'मान' म्हणजे १० हजार, 'ओक' म्हणजे १० कोटी. 'स्क्विड गेम'मध्ये (कर्जबाजारी माणसं बक्षिसासाठी जीवघेणे खेळ खेळतात ती मालिका) ४५६ खेळाडू, प्रत्येक जिवाची किंमत एक ओक, एकूण बक्षीस ४५६ ओक. खेळाडूंचा आकडा हाच बक्षिसाचा आकडा! इंग्रजीत तो ४५.६ बिलियन होतो आणि सगळी मेख जाते. रुपये हवे असतील तर २०२१च्या दराने १६ने भागा. एक जीव साधारण ६२ लाखांना पडतो.

आता खेळ थांबवायचा की नाही यावरचं मतदान पाहा. पहिल्या खेळात २५५ मेले, २०१ उरले. १०१ विरुद्ध १०० मतांनी खेळ थांबला. जमलेली रक्कम मेलेल्यांच्या घरच्यांना जाणार, जगलेले रिकाम्या हाताने घरी. त्यातले १८७ आपल्या पायांनी परत येतात. कारण बाहेर सावकार दारात उभे आहेत.

दुसऱ्या पर्वात (डिसेंबर २०२४) नियम फिरवलाय: खेळ थांबवला तर जमलेले पैसे उरलेल्यांत सारखे वाटायचे. ऐकायला उदार वाटतो. पण पहिल्या खेळात ९१च मेले. ९१ ओक भागिले ३६५, म्हणजे माणशी सुमारे २ कोटी ४९ लाख वॉन. रुपयांत जेमतेम १५ लाख. कर्ज त्याच्या कितीतरी पट. सभागृहात चरफड सुरू होते, 'एवढेच?' माणसं कमी मेली ही वाईट बातमी ठरते आणि १८३ विरुद्ध १८२ने खेळ चालू राहतो. गोळ्या झाडल्या जातात त्या प्रसंगापेक्षा हा भागाकार जास्त अंगावर येतो, असं माझं मत. कागद-पेन्सिल घेऊन बघा.

ळ_चा_पाय_मोडका

भाषेबद्दल. मूळ कोरियन आवाज ठेवा आणि इंग्रजी सबटायटलचे दोन पर्याय दिसले तर 'सीसी' लिहिलेलं घेऊ नका. ते कर्णबधिरांसाठी असतं. २०२१मध्ये 'स्क्विड गेम'च्या भाषांतराबद्दल गाजलेल्या तक्रारी प्रामुख्याने त्याच्याच होत्या, कारण त्यातले शब्द डबिंगच्या संवादांशी जुळवलेले होते. साधं सबटायटल मूळाच्या जास्त जवळ होतं.

तरी एक गोष्ट कुठल्याच सबटायटलमध्ये नीट उतरत नाही: कोण कोणाला काय म्हणतो. 'स्क्विड गेम'मधला अली हा पाकिस्तानी मजूर (भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीची). कारखान्याच्या मालकाने महिनोन्‌महिने पगार थकवलेला. अली सोबतच्या खेळाडूला, सांग-वूला, 'साजांगनिम' म्हणतो. मराठीत याला 'शेठ' हाच शब्द. सांग-वू सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा पदवीधर, तो म्हणतो, 'ह्योंग' म्हण. म्हणजे दादा. शेठचा दादा झाला की अलीचा विश्वास पूर्ण बसतो. आता सहाव्या भागातला गोट्यांचा खेळ पाहा आणि सबटायटल वाचू नका, फक्त कान द्या. शेवटपर्यंत अली 'ह्योंग'च म्हणत राहतो. सांग-वूने बदललेली पिशवी उघडून आत गोट्यांऐवजी खडे दिसतात तेव्हा फसवणूक गोट्यांची राहत नाही. आणि हाच सांग-वू मालिकेच्या नायकाला, गी-हुनला, 'ह्योंग' म्हणतो, हे लक्षात ठेवून अखेरचा भाग पाहा.

'द ग्लोरी'तही (शाळेतल्या छळाचा मोठेपणी सूड घेणाऱ्या दोंग-उनची मालिका) तसंच. दोंग-उन तिच्या छळकर्तीला मनातल्या पत्रांत 'योनजिना' अशी हाक मारते. शेवटचा 'आ' जवळच्या बरोबरीच्या माणसाला लावतात. 'अगं योनजिन' इतकी सलगी. अंगावर काटा येतो तो त्या 'अगं'मुळे. (पहिल्या भागात केस सरळ करायच्या गरम यंत्राने भाजण्याचा प्रसंग आहे. २००६मध्ये चोंगजू शहरातल्या शाळेत असा प्रकार घडला होता. ज्यांना सोसणार नाही त्यांनी तेवढं पुढे ढकला, कथा तुटत नाही.)

बिऱ्हाडकरू

घरभाड्याची पद्धत माहीत नसेल तर अर्धी भांडणं कळत नाहीत. 'जॉन्से' म्हणजे मुंबई-ठाण्याची हेवी डिपॉझिट, फक्त देशभर रुळलेली. घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकदम भरायची, महिन्याचं भाडं शून्य, साधारण दोन वर्षांनी सगळी परत. बिघडतं कुठे? मालक त्या पैशांतून दुसरं घर घेतो. किमती पडल्या किंवा नवा भाडेकरू मिळाला नाही की परत द्यायला त्याच्याकडे काही नसतं. २०२२-२३मध्ये तिथे अशा फसवणुकींचा मोठा गदारोळ झाला. पात्राने 'डिपॉझिट गेलं' म्हटलं की एका महिन्याचं भाडं गेलं असं समजू नका, आयुष्याची पुंजी गेली.

'बांजिहा', म्हणजे अर्धी जमिनीखालची खोली, हीसुद्धा गरिबी दाखवायला बांधलेला सेट नव्हे. १९७०च्या कायद्याने छोट्या इमारतींना युद्धाच्या भीतीने तळघर सक्तीचं केलं, पुढे घरटंचाईत तिथे माणसं राहू लागली. ऑगस्ट २०२२च्या पुरात सोलमध्ये अशाच खोलीत एक कुटुंब बुडालं.

भोंगा

गी-हुनची नोकरी गेली ती 'ड्रॅगन मोटर्स'मधून. 'सांगयोंग' या खऱ्या मोटार कंपनीच्या नावाचा अर्थच जोडीचे ड्रॅगन. २००९मध्ये प्योंगतेकच्या सांगयोंग कारखान्यात कामगार नोकरकपातीविरुद्ध ७७ दिवस आत ठाण मांडून होते, पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडला. दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योकने हा संदर्भ उघड सांगितलाय. पाचव्या भागात रात्रीच्या पहाऱ्याचा संथ प्रसंग आहे, त्यात गी-हुनला तो संप आठवतो, लोक तो पळवतात. पळवू नका. गिरणी संप घरात ऐकत वाढलेल्याला वेगळं काही सांगायची गरज नाही.

जिन्याखाली

'द एट शो'चं (२०२४; आठ माणसं आठ मजल्यांवर राहतात, आत काढलेल्या वेळेचे पैसे मिळतात) गणित कोणी लिहिलं नाही अजून? आठ मजले, दर मिनिटाची कमाई वॉनमध्ये: १० हजार, २०, ३०, ५०, ८०, १ लाख ३०, २ लाख १०, ३ लाख ४० हजार. तिसऱ्यापासून प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. खालच्या तिघांना वाटतं, फरक थोडाच आहे. दिवसाला मोजा: पहिला मजला १ कोटी ४४ लाख, आठवा जवळपास ४९ कोटी. चौतीस पट! आत वस्तू शंभरपट महाग, म्हणजे खालच्याने चादर घेतली की त्याची कमाई धुऊन निघते. जेवण आधी आठव्यावर पोचतं आणि तिथून खाली उतरतं. कोणी मेलं तर खेळ संपतो, त्यामुळे इथे मारून टाकत नाहीत, जिवंत ठेवून छळतात. सलग आठ भाग बघू नका, चौथ्यानंतर एक रात्र जाऊ द्या.

नाकतोड्या

एक खडा टाकतो. 'स्क्विड गेम'मध्ये मुखवटेवाले श्रीमंत पाहुणे आले की लेखन सपाट होतं. गरिबाला नाव-गाव-कर्ज सगळं दिलंय, श्रीमंताला फक्त सोनेरी मुखवटा. 'जिन्याखाली' यांची मालिका त्यात सरस, तिथे वरच्या मजल्यालाही चेहरा आहे.

पाकपंडित

दालगोनाचं, म्हणजे 'स्क्विड गेम'मध्ये आकार न मोडता सोडवायला देतात त्या साखरेच्या चकतीचं, प्रमाण दोघांनी विचारलंय. पोह्याचे सपाट २ चमचे साखर (२५ ग्रॅमच्या आसपास), खाण्याचा सोडा चिमूटभर. स्टीलची डाव मंद आचेवर धरा, साखर विरघळून मधाच्या रंगाची झाली की उतरवा, सोडा घाला, दहा सेकंद घोटा. फुगून फिकट झालं की तूप पुसलेल्या ताटलीवर ओता, पंधरा-वीस सेकंद थांबा, सपाट वाटीने दाबा, लगेच साचा हलका उमटवा. सोडा जास्त झाला तर कडवट, आच जास्त झाली तर करपट. घाईत दाबलं तर वाटीला चिकटतं, उशीर झाला तर तडकतं. पावसाळ्यात कोकणात करू नका, अर्ध्या तासात ओघळतं. मालिकेतली चाटून आकार काढायची युक्ती खरोखर चालते, कारण कोरलेली रेघ पातळ असते आणि आधी तीच विरघळते. कोरियात शाळेबाहेर आकार अख्खा सोडवला तर दुसरी चकती फुकट मिळायची. छत्री, म्हणजे मालिकेतला सगळ्यात अवघड आकार, मात्र घरीही कोणाला देऊ नका.

बिऱ्हाडकरू

डाव जळली. निघेल का?

पाकपंडित

घासू नका. पाणी घालून उकळी आणा, साखर आपोआप सुटते.