मदत हवी आहे: तोरणमाळ-डाबकडे दव गोठणारी रात्र आधीच कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. मी शहाद्याचा. आम्हा पाच जणांना हवामानाचा नाद आहे. घरोघर पर्जन्यमापक, गच्चीवर थर्मामीटर, आणि रोज सकाळी एकमेकांना आकडे पाठवायचे, असं चार वर्षं चालू आहे. पण सगळ्यात जास्त ओढ असते ती डिसेंबर-जानेवारीतल्या दोन-चार रात्रींची, जेव्हा वर सातपुड्यात गवत पांढरं होतं.

'तोरणमाळला बर्फ पडला' असे मेसेज दर हिवाळ्यात फिरतात. हिम पडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. हिम पडायला ढग लागतो, आणि ढगापासून जमिनीपर्यंत हवा गार लागते. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटर वर असते, आणि आपला अस्तंभा १३२५ मीटरचा. शिवाय ढग आला की रात्र उबदार होते आणि कडाका पडतो तो निरभ्र रात्री, म्हणजे दोघांची गाठ पडतच नाही. गोठतं ते दव. पण आमच्यासाठी हेच आपलं हिम आहे, आणि त्याची वाट आम्ही दिवाळीपासून बघतो.

तीन वर्षांपूर्वी एकदाच नीट बघायला मिळालं. डाबच्या बाजूला ओळखीच्या एका दादांकडे मुक्काम होता. रात्री अंगणात स्टीलच्या ताटलीत बोटभर पाणी ओतून ठेवलं. सकाळी पावणेसातला बघतो तर वर पापडाएवढा पातळ थर. उचलला, तर बोटाच्या उबेनेच कडा विरघळायला लागल्या. चाऱ्याच्या गंजीवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. एक काडी डोळ्यांजवळ धरली, तर टोकाला काचेसारखा गोल मणी होता आणि खाली बारीक बारीक सुया. ऊन आलं आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळी गंज नुसती ओली.

त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा हुकलं. गेल्या वर्षी शनिवारी तोरणमाळला पोहोचलो तर संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि पहाटे ११ अंश. आम्ही परतलो, आणि मंगळवारी सकाळी त्याच दादांनी पांढऱ्या शेताचा फोटो पाठवला. फार चुटपुट लागली.

म्हणून विचारतो. निघायचं कधी हे दोन दिवस आधी कशावरून ठरवायचं? मोबाईलवर तोरणमाळचं जे तापमान दिसतं त्यावर विसंबावं का? आणि एक कोडं: त्या दिवशी डोक्याच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर ४ अंश दाखवत होता, तरी ताटलीत बर्फ कसा? यंत्र बिघडलं समजून मी ते बदलूनही टाकलं.

प्रतिसाद, धुळ्याहून

दादा, यंत्र चांगलं होतं हो. निरभ्र रात्री जमीन, गवत, पत्रे आपली उष्णता थेट आभाळात टाकतात आणि हवेच्या आधी गार होतात. वारा नसेल तर गवताच्या पात्यावरचं तापमान वरच्या हवेपेक्षा ३ ते ५ अंशांनी कमी असतं. वेधशाळेचं किमान तापमान मोजतात ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून वर. त्यामुळे पेटीत ४ आणि गवतावर शून्य, हे होतंच. एक थर्मामीटर गवताच्या शेंड्याला टेकवून उघड्यावर ठेवा, दुसरा उंचीवर. दोघांतला फरक लिहून ठेवलात तर दोन हिवाळ्यांत तुमचाच अंदाज तयार होईल.

गंजीवर आधी का दिसलं, तेही यातच आलं. जमिनीतली ऊब चाऱ्यातून वर येत नाही. मोटारसायकलच्या सीटवर लवकर धरतं ते याच कारणाने. झाडाखाली मात्र शोधू नका, फांद्या उष्णता परत खाली पाठवतात.

दोन दिवस आधीचं म्हणाल तर हिमाचल-काश्मीरच्या बातम्या बघा. पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, येतो तेव्हा तिकडे बर्फ पडतो आणि आपल्याकडे उलट ढगाळ होऊन किमान तापमान चढतं. तुमचा शनिवार बहुतेक तसाच होता. तो पूर्वेला सरकला की उत्तरेचा कोरडा गार वारा सुटतो. वारा वाहतो त्या पहिल्या रात्री हवा एकजीव राहते, बोचरं वाटतं पण दव गोठत नाही. वारा पडला की पुढची रात्र तुमची. तुमचा मंगळवार इथे बसतो.

प्रतिसाद, रावेरहून

मी केळीवाला. तुम्ही ज्या रात्रीची वाट बघता तिची आम्हाला धास्ती असते. १० अंशांखाली गेलं की बाग थबकते, नवीन पान गुंडाळीतच अडकतं, आणि पाठोपाठ तशा रात्री आल्या की चरका बसतोच. म्हणून संध्याकाळ वाचायला शिकलो. दिवस मावळल्यावर बांधावर काडीकचरा पेटवतो. धूर थोडा वर जाऊन ताटासारखा आडवा पसरला आणि तिथेच राहिला तर समजायचं, गार हवा खाली बसली. मग रात्री विहिरीचं पाणी सोडतो, ते हवेपेक्षा कोमट असतं.

आणि भाऊ, उंचावर जास्त गार हे अशा रात्री खरं नसतं. गार हवा जड, पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. माझ्याच शेतात नाल्याकाठची ओळ आधी काळी पडते, वरची टेकाडावरची हिरवी राहते. टेकडीवर तंबू ठोकून बसलात तर चुकाल. मोबाईलवरचं तापमान तर अख्ख्या परिसराचं एकच असतं, त्याला तुमचा खोलगा काय माहीत.

प्रतिसाद, पुन्हा धुळ्याहून

रावेरच्या दादांचं अगदी बरोबर. त्यात एवढीच भर, की हवेतला ओलावाही बघा. संध्याकाळचा दवांक, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा, ७-८ असेल तर दव लवकर पडतं, ते पडताना उष्णता सुटते, घसरण मंदावते आणि कधी धुकंच दाटतं. दवांक ०-१ च्या आसपास असेल तर आधी दव पडून मग गोठतं, तो तुमचा काचेचा मणी. सुया म्हणजे वाफेतून थेट बनलेले स्फटिक. हवा फारच कोरडी असेल तर पांढरं काहीच दिसत नाही, पानं मात्र करपतात. तलावाला लागून बसू नका, पाण्याची ऊब असते. ओलितालगतची गवताळ, खोलगट, मोकळी जागा निवडा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तीन वर्षांचं कोडं सुटलं. आता शनिवार-रविवार बघून निघणं बंद. हिमाचलात बर्फ थांबला की वाऱ्यावर नजर ठेवायची, आणि वारा पडेल त्या दिवशी दुपारीच निघून सातपायऱ्यांचा घाट उजेडात चढायचा. दोन थर्मामीटर आणि ताटली सोबत असेलच. रावेरच्या दादा, त्या संध्याकाळी तुमच्याकडचा धूर कसा पसरला ते इथे एका ओळीत कळवाल का? आमची रात्र साधली तर तुमच्या बागेला त्रास होणार हे जाणवतंय, पण निदान तुम्हाला वेळेवर पाणी सोडता यावं म्हणून वरचे आकडे रात्री दहालाच इथे टाकू.