‘पेअर करणे’ आणि ‘जोडणे’ एकच का?

कुडाळहून, प्रश्न: गणपतीत घरात चाकरमान्यांचे सात-आठ फोन आणि ओटीवर ब्लूटूथ स्पीकर एकच. ‘स्पीकर माझ्या फोनला जोडलेला आहे’ असं तिघं एकदम म्हणतात, आरती मात्र चौथ्याच्याच फोनवरून वाजते. पेअर आणि कनेक्ट या दोन्हींना आपण ‘जोडणे’ म्हणतो. वेगळे शब्द आहेत का?

रत्नागिरीहून: वेगळे हवेतच, कारण क्रिया वेगळ्या आहेत. पेअर करताना दोन्ही यंत्रं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याकडे साठवतात. कनेक्ट म्हणजे त्या किल्लीवर तेवढ्यापुरता जुळलेला दुवा. सोयरीक एकदा जमते, येणं-जाणं पुन्हा पुन्हा. म्हणून पेअरला ‘ओळख करणे’, कनेक्टला ‘जोडणे’, डिसकनेक्टला ‘सोडणे’ आणि फर्गेटला ‘ओळख पुसणे’ म्हणावं.

ओळख अनेक फोनांशी असते, पण गाणं एका वेळी एकाचंच वाजतं. चालू केल्यावर बहुतेक स्पीकर शेवटी जोडलेला फोन आधी शोधतात. तो फोन माडीवर कुणाच्या खिशात असला तरी तोच पकडतात. तेव्हा आरतीआधी त्या फोनवरून स्पीकर नुसता ‘सोडा’. ओळख पुसायची गरज नाही.

वेंगुर्ल्याहून: पेअरिंगला ‘युग्मन’ कसं वाटतं? आणि ब्लूटूथला ‘नीलदंत’?

मालवणहून: ‘युग्मन’ छापील कागदावर शोभेल, ओटीवर नाही. आणि ‘नीलदंत’ कशाला? हाराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. त्याचं नाव या तंत्रज्ञानासाठी इंटेलचे अभियंते जिम कार्डाक यांनी 1997 मध्ये सुचवलं. विशेषनामाचं भाषांतर करू नये. आपल्याकडे तर ब्लूटूथ म्हणजे वस्तूच झाली आहे. ‘माजो ब्लूटूथ खंय आसा?’ म्हणणारा कानातलं यंत्र शोधत असतो. ‘ब्लूटूथ चालू केलं’ म्हटलं की फोनमधली सोय. लिंगावरूनच अर्थ कळतो.

‘ओळख पुसणे’ मला पटलं, पण ती दोन्हीकडून पुसावी लागते. स्पीकर रिसेट केला की त्याच्याकडची किल्ली जाते, फोनकडची राहते. मग फोनच्या यादीत नाव दिसतं, पण जोडताना नकार येतो. अशा वेळी फोनमधलं नाव पुसा, स्पीकरचं ब्लूटूथचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा आणि नव्याने ओळख करा. जुनं यंत्र पिन मागतं. तिथे बहुधा 0000 किंवा 1234 चालतो.

जोडलेलं दिसतं तरी आवाज फोनमधूनच येत असेल तर स्पीकरच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया ऑडिओ’ बंद आहे का ते पाहा. कॉलचा आणि गाण्याचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातो.

रत्नागिरीहून: एक भर. ‘रेंज नाय, म्हणून ब्लूटूथ चालत नाय’ हे सर्रास ऐकू येतं. ब्लूटूथला टॉवर लागत नाही, इंटरनेटही नाही. आरती डाउनलोड केलेली असली की झालं. म्हणून ब्लूटूथसाठी ‘रेंज’ऐवजी ‘पल्ला’ म्हणावं. साध्या स्पीकरचा पल्ला मोकळ्या जागी साधारण 10 मीटर. मध्ये चिऱ्याची जाड भिंत आली की तो घटतो, पावसात भिजलेली असेल तर आणखीच, कारण 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसांच्या गर्दीचंही तेच. फोन खिशात न ठेवता स्पीकर समोर दिसेल असा खिडकीत ठेवा.

कुडाळहून: ‘ओळख’, ‘जोड’, ‘सोड’ घेतले. ‘पल्ला’ही. ‘पेअर’ मात्र पोरांच्या तोंडून जायचा नाही, तो असू दे.