विषय: फेअरफॅक्सच्या शाळेचा फॉर्म, 'घरची भाषा मराठी' लिहू का?

सर्वांना नमस्कार,

जूनमध्ये नाशिकहून अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीतल्या हर्नडनला आलो. मुलगा चौथीत जाईल. फॉर्मवर घरची भाषा विचारलीय. ओळखीच्या एक जणी म्हणतात, मराठी लिहू नका, ईएसएलमध्ये (इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात) टाकतील, मग एएपी (हुशार मुलांसाठीचा प्रगत अभ्यासक्रम) विसरा.

आणखी एक. तो बोट ठेवून वाचतो, तरी ओळ निसटते. नाशिकला बालभारती वाचतानाही 'कमळ'चं 'कळम' व्हायचं. घरचे म्हणतात, इंग्रजी आलं की सुधारेल. थांबू का?

— हर्नडनची एक आई

---

ताई,

मराठीच लिहा. त्या उत्तरावरून इंग्रजीची चाचणी घ्यायची की नाही, एवढंच ठरतं. चाचणीत कमी पडला तर मदत मिळते. नको असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. ही मदत म्हणजे शाळेचे उपकार नाहीत. इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना तेच वर्ग, तीच पुस्तकं दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1974 मध्येच सांगितलंय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा खटला होता तो.

पण तुमच्या पत्रातलं 'कळम' मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अडचण मराठीतही होती, म्हणजे दोष नुसत्या इंग्रजीचा नाही. ईएसएल आणि स्पेशल एज्युकेशन (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीची खास मदत) ही दोन वेगळी दारं आहेत. सुमारे 1 लाख 80 हजार मुलांच्या या डिस्ट्रिक्टमध्ये एका दारावरचा निरोप दुसऱ्या दारी आपोआप पोचेल, असं धरून चालू नका.

थांबू नका. मुख्याध्यापकांना ईमेलने लिहा: मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी करावी. त्यात नाशिकचं सगळं घाला. व्हर्जिनियात अर्ज पोचल्यापासून पात्रता ठरेपर्यंत कामकाजाचे 65 दिवस ही मर्यादा आहे. तपासणी नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं.

लेखीच द्या हे कळवळून सांगतोय. आमच्या मुलीच्या वेळी, तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो, मी नुसतं तोंडी बोललो. नोंदच झाली नाही, अख्खं वर्ष गेलं. वाचनाचा तास असला की सकाळी तिचं पोट दुखायचं.

पुढे आयईपी (त्याच्यापुरती आखलेली लेखी शिक्षण योजना) ठरला तर त्याला कसं शिकवायचं, वर्षात कुठवर न्यायचं, ते लिहून मिळतं. 504 ही दुसरी, सवलतींची योजना; तिच्यात बहुधा वर्ग तोच, फक्त जास्त वेळ वगैरे सवलती. मीटिंगला दुभाषा मागता येतो. कागद घरी आणून वाचा, मगच सही करा.

— रेस्टनचे काका

---

काकांचं बरोबर आहे. एएपीचं भय नको. ईएसएल किंवा आयईपी असला म्हणून दार बंद होत नाही. माझ्या भाचीचा आयईपी आहे आणि ती एएपीच्या सर्वात वरच्या पातळीत, लेव्हल फोरमध्ये आहे.

---

काका, खूप आभार. फॉर्मवर मराठी लिहिलं. सामानात त्याची तिसरीची शुद्धलेखनाची वही सापडली, बाईंच्या लाल खुणांसकट. दोन पानांचे फोटो ईमेलला जोडतेय. इंग्रजी मसुदा रात्री तुम्हाला पाठवू का? उद्या सकाळी शाळेला पाठवायचाय.

— हर्नडनची आई