होमस्कूलिंग: साईट्स ढीगभर सापडल्यात, ठेवायच्या कुठल्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लिहितेच. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ ची. सात महिने झाले मुलाला शाळेतून काढलं, घरीच शिकवतोय (का काढलं, मुलं एकलकोंडी होतील का, पुढे परीक्षांचं काय, यावर वेगळा धागा काढा प्लीज, मी तिकडे येऊन भांडेन, इथे नको). मुलगी अजून शाळेत गेलेलीच नाहीये, ती आपली दादाच्या मागे मागे.

तर सुरुवातीला मला वाटलेलं की साहित्य मिळायचीच मारामार होणार. झालं भलतंच. रात्री पोरं झोपली की मी मोबाईल घेऊन बसायचे आणि दिसेल ते सेव्ह करत सुटायचे. काल मोजले, ६३ बुकमार्क. त्यातले निम्मे तरी मी परत उघडलेलेही नाहीत. आणि मुलगा प्रत्यक्षात वापरतो किती, तर दोन. त्यातला एक सरळसरळ गेम आहे, वरून अभ्यासाचा मुलामा.

खरं घोडं कुठे अडतंय ते सांगते. एका साईटवर त्याने अपूर्णांकांचा अख्खा धडा संपवला, सगळे तारे मिळाले, मी पण खूश, नवऱ्याला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सहज विचारलं की ३/४ मोठा का ५/८, तर म्हणे ५/८, कारण वरचा पण आकडा मोठा आणि खालचा पण. मी गारच. मग शेजारी बसून बघितलं तर पठ्ठ्याने शोधून काढलं होतं की हिंटचं बटण दाबत राहिलं की शेवटी उत्तरच समोर येतं, आणि पुढच्या गणितात फक्त आकडे बदललेले असतात. म्हणजे तो शिकला, पण अपूर्णांक नाही, साईट शिकला.

दुसरं म्हणजे भाषा. चांगलं ते सगळं इंग्रजीत. शाब्दिक उदाहरण चुकलं तर मला कळतच नाही की गणित चुकलं का वाचायलाच जमलं नाही. आणि तिसरं, एका रेडिमेड अभ्यासक्रमाचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन मी उत्साहाच्या भरात घेऊन ठेवलंय, नव्याचे नऊ दिवस झाले आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते तसंच पडून आहे, त्याचा मेल आला की पोटात गोळा येतो.

तर कृपया नवीन लिंकांचा पाऊस पाडू नका, त्या मला मिळतात. तुम्ही निवड कशी करता, किती ठेवता, आणि मुलाला खरंच कळलं हे कसं ओळखता ते सांगा. मराठी वाचनासाठी मात्र काही असेल तर लिंक चालेल, तिथे माझी पाटी कोरी आहे.

प्रतिसाद:
खान अकॅडमी, सीके-१२, स्क्रॅच, जिओजेब्रा, प्रोजेक्ट गुटेनबर्ग, लिब्रीवॉक्स, झूनिव्हर्स, इंटरनेट अर्काइव्ह. सगळं फुकट आहे. गुटेनबर्ग तर १९७१ पासून चालू आहे, कॉपीराईट संपलेली हजारो पुस्तकं आहेत, आणि लिब्रीवॉक्सवर तीच पुस्तकं हौशी लोकांनी वाचून रेकॉर्ड केलेली मिळतात. बघा एकदा.

धागाकर्ती:
अहो दादा, मी काय लिहिलं होतं :) ६३ चे आता ६६ झाले, बाकीच्या पाच माझ्याकडे आधीपासूनच होत्या.

प्रतिसाद:
ताई, आमचं हे सहावं वर्ष, मुली १४ आणि ११. तुमचे ६३ म्हणजे काहीच नाही, माझी एक वही भरली होती.

माझी गाडी रुळावर आली ती एका गोष्टीने. मी सगळ्या साईट्सचे तीन ढीग केले. पहिला ढीग म्हणजे ओळीने शिकवणाऱ्या, आज हा धडा उद्या तो, खान अकॅडमी यातली. यातली एका विषयाला एकच ठेवायची, दुसरी कितीही छान दिसली तरी नाही, कारण दोन ठिकाणी क्रम वेगळा असतो आणि पोरं मधल्या फटीत पडतात. दुसरा ढीग म्हणजे अवजारं. फेट, जिओजेब्रा (भूमिती-आलेख काढायला), स्क्रॅच (प्रोग्रॅमिंग करून बघायला), स्टेलेरियम (रात्रीचं आकाश स्क्रीनवर बघायला). ही स्वतःहून काहीच शिकवत नाहीत, उघडलं की समोर रिकामं मैदान, काहीतरी करून बघावंच लागतं. तिसरा ढीग म्हणजे गोडाऊन, पुस्तकं, वर्कशीट, व्हिडिओंचे साठे. हा ढीग मुलांसाठी नाहीच, तो आईबापांसाठी. तिथून एक वस्तू काढायची, प्रिंट करायची किंवा डाऊनलोड करायची, आणि दार लावून घ्यायचं. मुलांना गोडाऊनमध्ये सोडलं की ती हरवतात, आपण तर हरवतोच (तुमचे बुकमार्क बहुतेक सगळे तिसऱ्या ढिगातले असणार, पैज लावते).

तुमच्या मुलाने हिंटची युक्ती काढली ना, ती पहिल्या ढिगातच चालते, कारण तिथे उत्तर आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं. अवजारांमध्ये चालत नाही. फेट बघितलंय का? कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, कार्ल वीमन यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हे चालू केलं. गणित-विज्ञानाची सिम्युलेशन्स आहेत, काही मराठीतही भाषांतर झालेली आहेत, आणि मुळात वाचायला शब्दच कमी, त्यामुळे तुमची भाषेची अडचण अर्धी तिथेच सुटते. त्यात सर्किट बनवायचं एक आहे, बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडायचे. धाकटीने वायर बॅटरीच्या दोन्ही टोकांना थेट जोडली आणि स्क्रीनवर आगीच्या ज्वाळा! मग काय, एक अख्खी दुपार घरात आगी लावणं चालू होतं. मी चिडणार होते, पण संध्याकाळी तिनेच विचारलं की मध्ये बल्ब असला की आग का लागत नाही. तो प्रश्न मी सात जन्मात तिच्या डोक्यात घालू शकले नसते.

कळलं का हे ओळखायचं तर साईटवरचा निकाल मी बघतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर एकच प्रश्न, आणि तो पण उलटा. म्हणजे ३/४ मोठा का ५/८ असं नाही, तर "३/४ पेक्षा लहान पण अर्ध्यापेक्षा मोठा एक अपूर्णांक सांग आणि चित्र काढून दाखव". याला हिंट कुठून आणणार. हे आपलं माझं मत.

प्रतिसाद:
मी शाळेत गणित शिकवते त्यामुळे या धाग्यावर बोलावं की नको असं वाटत होतं, पण ३/४ आणि ५/८ बघून राहवलं नाही. ही चूक तुमच्या मुलाची एकट्याची नाही हो, वर्गात दरवर्षी कोणीतरी करतंच. मुलं अपूर्णांकाला एक संख्या समजत नाहीत, दोन वेगळे आकडे समजतात. त्यावर उपाय साईट नाही. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा, एकीला घडी घालून ४ भाग, दुसरीचे ८, एकाखाली एक ठेवा. ३/४ म्हणजेच ६/८ हे डोळ्यांना दिसलं की संपला विषय. मग संख्यारेषा. त्यानंतर स्क्रीन.

केंब्रिज विद्यापीठाची एनरिच नावाची साईट आहे, तिथली कोडी मी वर्गातही वापरते. लहान मुलालाही सुरुवात करता येते आणि मोठ्याचंही डोकं तापतं. पण इंग्रजी आहे, त्यामुळे तुम्ही आधी वाचा आणि आपल्या शब्दांत सांगा, मुलाच्या हातात थेट देऊ नका.

आणि एक, लेखनाचं काय करताय? मुलाने लिहिलेलं पान नीट वाचून "हे मला कळलं नाही, परत सांग" असं म्हणणारं माणूसच लागतं. शुद्धलेखन कोणीही तपासेल.

धागाकर्ती:
बाई, लेखनाचं आम्ही काहीच करत नाही आहोत, तुम्ही बरोबर शेपटीवर पाय दिलात. पट्ट्या आजच कापते.

प्रतिसाद:
मी आजोबा वर्गातला. नात परदेशात, तिचंही शिक्षण घरीच चालतं, आणि मराठी वाचनाचं खातं माझ्याकडे. रोज व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं.

आम्ही स्टोरीवीव्हर वापरतो. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलं. चित्रांची पुस्तकं, मराठीतही भरपूर, आणि वाचनाच्या चार पातळ्या आहेत, पहिल्या पातळीत अगदी थोडे, सोपे शब्द. मोकळा परवाना असल्यामुळे डाऊनलोड करा, छापा, भाषांतर करा, काहीही. त्या भाषांतरातच खरी गंमत आहे. नात इंग्रजी गोष्ट घेते आणि माझ्यासाठी मराठीत करते. परवा तिने "ही इज फीलिंग ब्लू" चं "तो निळा वाटतोय" केलं, मी म्हटलं अगं निळा नाही, हिरमुसला म्हण. आता दिवसभर घरात सगळे हिरमुसलेले.

अरविंद गुप्ता यांची साईट पाहिलीच असेल, नसेल तर जरूर पाहा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी, व्हिडिओ आहेत, शिवाय मराठी पुस्तकंही उतरवून घेता येतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. थोड्या मोठ्या मुलांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, पण भाषा जड, शेजारी बसून वाचावा लागतो. मला त्यात मजा येते, नातीला येतेच असं नाही.

प्रतिसाद:
+१ स्टोरीवीव्हर. मुलगी ५ ची आहे ना, तिला दादाने वाचून दाखवायचं काम द्या, मोठ्याने वाचायचा त्याचाही सराव होतो आणि कोणाला अभ्यास वाटत नाही.

प्रतिसाद:
टेक्निकल बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. कॉम्प्युटरवर मुलाचं वेगळं प्रोफाईल बनवा, त्यात ठरलेल्या साईट्स सोडून एकही बुकमार्क नको. व्हिडिओ दाखवायचा तर ऑटोप्ले बंद, हिस्टरी बंद, आणि शक्यतो आधी डाऊनलोड करून ठेवलेला. सर्चची खिडकी समोर दिसली की दहा मिनिटांचा व्हिडिओ दीड तासाला संपतो, हे मुलांचंच नाही माझंही आहे. लहानांसाठी यूट्यूब किड्समध्ये फक्त आईवडिलांनी मंजूर केलेलंच दिसेल अशी सेटिंग आहे, शोधावी लागते पण आहे.

आणि किविक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात अख्खा विकिपीडिया डाऊनलोड करून नेटशिवाय वाचता येतो, मराठी विकिपीडिया पण. आमच्याकडे जुन्या लॅपटॉपवर तेवढंच ठेवलंय. नेट नाही, नोटिफिकेशन नाही, जाहिरात नाही. मुलगा ज्वालामुखी शोधायला जातो आणि तासाभराने व्हायकिंगांवर निघतो, तेवढं भरकटणं मला चालतं.

अवांतर: वार्षिक सबस्क्रिप्शनचं ऑटो-रिन्यूअल आत्ताच बंद करा. आत्ता. हा प्रतिसाद वाचून व्हायच्या आधी.

धागाकर्ती:
केलं बंद! चार स्क्रीन पार करायला लागल्या, "खरंच जाताय?" असं दोनदा विचारलं, पण केलं.

धागाकर्ती (साधारण तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार, म्हटलं काय झालं ते सांगून जावं.

तीन ढीग केले. पैज तुम्ही जिंकलात ताई, ६६ पैकी ५१ गोडाऊन निघाले. ते सगळे माझ्या फोनवर एका फोल्डरमध्ये, रविवारी एकदाच उघडते. मुलाच्या प्रोफाईलवर आता चारच: गणिताला खान अकॅडमी, आणि फेट, स्टेलेरियम, स्टोरीवीव्हर.

पट्ट्या कापल्या. पहिल्या दिवशी "हे तर बाळांचं आहे" म्हणून नाक मुरडलं, मग १/३ ची घडी काही केल्या बरोबर येईना तेव्हा इरेला पेटला. ५/८ वाली चूक गेली असं वाटतंय, पण बेरजेत अजून वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवतो, म्हणजे परत पट्ट्या.

स्टेलेरियमचं मात्र वेगळंच झालं. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिले आणि रोज रात्री त्यांच्या जागा कागदावर मांडल्या, हे मी त्याला सांगितलं. तर आता रोज रात्री द्विनेत्री भिंतीला टेकवून धरायची, हात हलू द्यायचा नाही, ठिपके वहीत काढायचे, आणि मगच स्टेलेरियम उघडून ताडून बघायचं. आधी उघडायचं नाही हा नियम त्याने स्वतःच केलाय, हिंटवाल्या पोराने! काही रात्री ढग, काही रात्री दोनच ठिपके दिसतात आणि मग चिडचिड. पण बाईंनी विचारलेलं लेखन आपसूक सुरू झालं, कारण ठिपक्यांच्या खाली तो रोज दोन ओळी लिहितो. कालच्या ओळी: "आज एक चंद्र गायब. बहुतेक मागे लपला. आई म्हणते माझा हात हलला, पण नाही हलला."

एकच राहिलं. मुलगी रोज विचारते माझे चार कुठायत. ५ वर्षांच्या मुलीला स्क्रीनवर द्यावं असं खरंच काही आहे का?

प्रतिसाद:
खान अकॅडमी किड्स आहे, स्क्रॅच ज्युनियर ५ ते ७ साठी आहे. पण घाई काय आहे? पट्ट्या आहेत ना घरात, तिला कात्री द्या.

धागाकर्ती:
कात्री दिलीये. गुरूचा मंगळवारचा कागद कापला तिने. दादा हिरमुसलाय.