सातबाऱ्याचा फोटो अपलोड होत नाही: मर्यादा सगळ्या सर्व्हरची वाढवायची की एकाच फॉर्मची?

आर्वीकर: आमच्या शेतकरी कंपनीच्या साइटवर कापूस नोंदणीसाठी सातबाऱ्याचा फोटो मागतात. फोटो निघते चार-पाच एमबीचा अन् साइट ज्यावर चालते त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी. फोटो अडकला की शेतकरी एसटीनं तालुक्याले येते, दिवसभराची मजुरी बुडते. माझं मत: पीएचपी.आयएनआय या सगळ्या सर्व्हरच्या सेटिंग फाइलीत अपलोड ६४ एमबी, मेमरी_लिमिट (पीएचपीले वापरता येणारी कमाल मेमरी) ५१२ एमबी करा अन् मोकळे व्हा.

दर्यापूरची सून: दादा, मजुरीचं पटलं, आकडे नाही पटले. मेमरी_लिमिट प्रत्येक विनंतीला (कुणी पान उघडलं, फॉर्म पाठवला की ती एक विनंती) वेगळी लागू होते. २ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर तेवढी मेमरी खाणाऱ्या चार विनंत्या एकदम आल्या की साइट सगळ्यांसाठीच बंद. शिवाय अपलोड झालेली फाइल थेट डिस्कवर उतरते, मेमरी लागते ती फोटो लहान करताना. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की साधारण ४८ एमबी. मूळची १२८ एमबी पुरते. खरी अडचण पोस्ट_मॅक्स_साइझची, म्हणजे अख्ख्या फॉर्मच्या एकूण आकाराच्या मर्यादेची. ती मुळात ८ एमबी. सातबारा आणि पासबुक, दोन फोटो मिळून तिच्या वर गेले की नाव, गट नंबर, सगळा फॉर्मच पीएचपीला रिकामा दिसतो. शेतकऱ्याला मात्र ‘नाव भरा’ असा संदेश येतो, आणि तो बिचारा पुन्हा तेच नाव भरत बसतो.

आर्वीकर: मग कराव काय? होस्टिंगवाल्यानं फोल्डराच्या सेटिंग फाइलीत, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पीएचपी_व्हॅल्यूची ओळ लिहाले सांगितलं, तर ५०० ची एरर, पानच उघडत नाही.

दर्यापूरची सून: पीएचपी एफपीएमवर, म्हणजे वेब सर्व्हरपासून वेगळं चालत असेल, तर ती ओळ चालतच नाही. त्या फॉर्मच्या फोल्डरात .यूजर.आयएनआय ही तेवढ्यापुरती सेटिंग फाइल ठेवा, एका फोटोला अपलोड ८, अख्ख्या फॉर्मला पोस्ट २० एमबी. बदल लगेच दिसणार नाही, ३०० सेकंदांपर्यंत जुनंच वाचलं जातं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची १ एमबीची मर्यादाही वाढवा, नाहीतर ४१३ ची (फाइल फार मोठी) एरर देऊन तो फाइल दारातच अडवतो.

खामगावकर: मला दोघांचंही पटत नाही. शेतात एक काडी रेंज असते, तिथून ५ एमबी पाठवायला लावणंच चूक. फोटो मोबाइलच्या ब्राउझरमध्येच लहान करा, सर्व्हरला हात लावायची गरज नाही.

आर्वीकर: भाऊ, लहान केल्यावर गट नंबर अन् क्षेत्राचे आकडे पुसट होतात, अर्ज परत येते. रेंज नसली तर शेतकरी गावात येऊन पाठवीन. ताईचं फोल्डरापुरतं मान्य, पण फोटोमागं ८ कमी पडन, मी १६ अन् पोस्ट ४० च ठेवणार.