मदत हवी आहे: युद्धकाळात निर्वासितांना जामीन राहिलेल्या वडिलांचे कागद

मंडळी, एका बेने इस्रायली (महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या) गृहस्थांची स्मरणपुस्तिका त्यांची मुलं काढत आहेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू कुटुंबांना ते जामीन राहिले, खोलीभाडं भरलं. घरात मात्र चकार शब्द काढला नाही. मुलांच्या हाती आहे एक भाडेपावती, मागे पेन्सिलीने लिहिलेलं जर्मन नाव. असा माणूस विस्मरणात जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन पासपोर्टवाले ज्यूही सरकारदरबारी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना पुढे पुरंदर, सातारा इथल्या छावण्यांत ठेवलं. म्हणून फायली ‘ज्यू’पेक्षा ‘परकीय नागरिक’ या विषयाखाली बघायला हव्यात. नावं तर फार घात करतात. जर्मनीने जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांवर ‘इस्राएल’ आणि स्त्रियांवर ‘सारा’ हे जादा नाव लादलं. कारकुनाने तेच आडनाव धरलं असेल, तर सूचीत माणूस सापडत नाही. ‘म्युलर’सारख्या नावाची स्पेलिंगं तर दोन-तीन. आरोल्सन अर्काइव्हज या नाझी छळाला बळी पडलेल्यांचे कागद जपणाऱ्या जर्मनीतल्या संस्थेची ऑनलाइन सूची मोफत आहे, पण नेमकी व्यक्ती ठरवायला जन्मतारीख लागतेच.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातून गृह खात्याच्या या काळातल्या फायली कोणी मागवल्या आहेत का? अर्जात विभाग आणि वर्ष कसं लिहिलंत? आणि १९३४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशन या ज्यू निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेची जामीनपत्रं कोणी प्रत्यक्ष पाहिली असतील, तर कुठे, तेही कळवा.