मदत हवी आहे: कोरियन विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवू?

नमस्कार मंडळी. पुण्यात नोकरीला आलेल्या एका कोरियन इंजिनिअरना मी इंग्रजी शिकवते. 'पीस ऑफ केक' त्यांना चटकन उमगलं, कारण कोरियनमध्ये सोप्या कामाला 'आडवं पडून तॉक खाणं' म्हणतात. (तॉक म्हणजे तांदळाचा चिवट गोळा. आडवं पडून खाल्ला तर घशात अडकायचा, पण ते असो!)

अडचण पुढेच आहे. कोरियनमध्ये वरिष्ठांशी बोलताना क्रियापदाचं रूपच बदलतं. त्यामुळे साहेबांनी काम सांगितल्यावर 'पीस ऑफ केक' म्हटलं तर उद्धटपणा होईल का, असा त्यांचा प्रश्न. प्रत्येक वाक्प्रचाराला हेच विचारतात!

ऑफिसच्या मेलमध्ये चालणारे आणि फक्त मित्रांत शोभणारे वाक्प्रचार वेगळे दाखवणारा एखादा कोश कुणी वापरलाय का? कोरियन किंवा जपानी मंडळींना शिकवणाऱ्यांनी तर नक्की सांगा.